झिजलेल्या चाकांचा डबा

नूरबीचं म्हणणं साधं होतं. बाजारातून चार जिनसा आणायला सांगितल्या की त्यातली एक हमखास विसरून येणाऱ्या माणसाला शेअर बाजारातलं काय कळणार? पण तिच्या नवऱ्याने, दापोडीच्या कादर मिस्त्रीने, त्या बाजारात एकदा नव्हे, दोनदा पैसा केला होता, आणि तोही ऐन मंदीत खरेदी करून. त्यामुळे नूरबीला मनातलं मनातच ठेवावं लागे. गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून ते तिला फार जड जाई.

कादर कार्ड पंच करायची मशिनं दुरुस्त करत असे. त्या काळी कारखान्यातल्या हजारो माणसांचा पगार, गोदामातला माल, सगळं जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून नोंदवलं जायचं. मुली रांगेने बसून कळफलकावर बोटं चालवायच्या, मशिन भोकं पाडायचं, आणि दुसरं एक मशिन त्या भोकांवरून कार्डांची वर्गवारी करायचं. पिंपरीपासून आकुर्डीपर्यंत प्रत्येक मोठ्या कारखान्यात असा एक हॉल होता, आणि त्या हॉलमध्ये सकाळपासून पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज चालू असायचा. कादरला तो आवाज आवडायचा. त्याचं पोट त्यावरच होतं.

ही मशिनं बनवणारी शिवनेर ऑफिस मशिन्स नावाची कंपनी चिंचवडला होती. चौसष्ट साली ती निघाली तेव्हा पहिल्या चाळीस कामगारांत कादर होता. पुढे त्याने नोकरी सोडली आणि दापोडीत रेल्वेलाइनजवळ भाड्याचं दुकान घेऊन दुरुस्तीचं काम सुरू केलं, पण शिवनेरशी त्याचं नातं तुटलं नाही. कंपनीच्या कँटीनमध्ये चहाला त्याला कोणी अडवत नसे, आणि साठवलेला पैसा तो ठेवायचा तोही शिवनेरच्या शेअरमध्येच. बँकेचं व्याज त्याच्या घरात चालत नव्हतं. वडिलांनी घेतलं नाही, म्हणून तोही घेत नसे. शेअर म्हणजे भागीदारी, नफ्यात वाटा आणि तोट्यातही वाटा, असं त्याने मशिदीतल्या जाणत्या माणसाला विचारून घेतलं होतं, आणि तेव्हापासून तो शिवनेरचा उल्लेख ‘आमची कंपनी’ असा करायचा. ज्याच्याकडे दोनशे शेअर आहेत त्याने असं म्हणावं का, हा प्रश्न नूरबी अधूनमधून काढत असे.

दुकानात त्याच्या हाताशी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा असायचा. मशिन उघडलं की बहुतेक वेळा एकच दुखणं निघे. कार्ड पुढे सरकवणारं एक बोटाएवढं दातेरी चाक असतं, त्याचे दात झिजतात. कादर ते काढायचा, नवीन बसवायचा आणि झिजलेलं डब्यात टाकायचा. बसवण्याआधी नव्या चाकावर तो कानसेने दोन बारीक रेघा मारायचा, म्हणजे सहा महिन्यांच्या आत तेच चाक परत आलं तर आपलं काम म्हणून फुकट बदलून देता यावं. रेघांचं चाक परत आल्याचं पहिल्या काही वर्षांत त्याला आठवत नव्हतं.

हा डबाच त्याचा शेअर बाजार होता. कारखाने जोरात असले की मशिनं तीन पाळ्या चालायची, चाकं झिजायची, डबा भराभर भरायचा. मंदी आली की डबा महिनोन्महिने तसाच राहायचा. सगळे कारखाने थंड पडले, शेअर मातीमोल झाला आणि मग एके दिवशी डब्यात पुन्हा टणकन चाक पडायला लागलं, की कादर खरेदी करायचा. डबा इतका भराभर भरायला लागला की जेवायला सवड मिळेना, की विकायचा. पुण्यातला दलाल त्याला गमतीने विचारायचा, मिस्त्री, डबा काय म्हणतो? कादर ते गंभीरपणे सांगायचा.

गोजाबाई त्याच्या या डब्याच्या व्यवहारात आली ती सदुसष्ट सालच्या मंदीत. ती चिखलीची. तिचं रान औद्योगिक वसाहतीत गेलं, आणि नवरा सयाजी त्यानंतर दोन वर्षांत वारला. नुकसानभरपाई पोस्टात ठेवून ती म्हशी पाळत होती आणि आपलं नि शेजारच्या गोठ्यांतलं मिळून चाळीस लिटर दूध रोज शिवनेरच्या कँटीनला घालत होती. सायकलला दोन्ही बाजूंना कॅन बांधून ती सायकल हातात धरून चालत आणायची. चालवायला ती शेवटपर्यंत शिकली नाही, पण तिच्याइतका सायकलचा उपयोग चालवणाऱ्यांनीही केला नसेल. एकदा कॅनचं झाकण बसेना, तेव्हा कादरने ते ठोकून सरळ करून दिलं, आणि तिथून ओळख झाली.

त्या मंदीत तिने त्याला विचारलं, की कंपनी बंद पडणार आहे का, कारण कँटीनने दूध निम्म्यावर आणलंय. कादर म्हणाला, बंद पडणार नाही, मशिनं नवी आहेत आणि कारखान्यांना ती लागणारच आहेत. साडेचार रुपयांना शेअर मिळतोय, मी घेतोय. तिने थोडा विचार केला आणि माझेपण घ्या म्हणाली. कादर घाबरला. स्वतःचा पैसा घालवणं वेगळं, विधवेचा घालवणं वेगळं. म्हणून त्याने तिला एक अट घातली.

“जेवढे तुमचे, तेवढेच माझे. आणि तुमचे आत असेपर्यंत माझे बाहेर निघणार नाहीत. भागीदार एकटा पळाला तर तो भागीदार कसला?”

गोजाबाईला अट आवडली. सत्तर साली दोघांनी एकोणीसला विकले. तिने आणखी म्हशी घेतल्या, त्याने जुनी स्कूटर घेतली. पंच्याहत्तरच्या मंदीत पुन्हा सहाला घेतले आणि अठ्ठ्याहत्तरला तेवीसला विकले. दोन्ही वेळा डबा आधी वाजला, भाव मागून हलला. दोन्ही वेळा कँटीनचं दूधही तसंच घटलं आणि वाढलं होतं, पण ते बघायची कादरला गरज वाटली नाही. डबा असताना दूध कोण बघतो?

ऐंशी साल उजाडलं तेव्हा कादरजवळ बरोब्बर बारा हजार रुपये होते, आणि बरोब्बर तेवढीच किंमत त्याच्या दुकानाची होती. दुकानमालक सोपानराव भला माणूस. त्याने सांगितलं, मिस्त्री, मला जागा विकायची आहे, पण तू चौदा वर्षं भाडं वेळेवर दिलंस, म्हणून पहिला हक्क तुझा. ब्याऐंशीच्या दिवाळीपर्यंत थांबतो, त्यापुढे नाही. नूरबी म्हणाली, आजच देऊन टाका. एवढं सरळ बोलणं दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याने ऐकलं असतं, पण कादर त्या आठवड्यात डब्याकडे बघत होता.

डबा चार महिन्यांत भरला होता. इतका वेगाने तो कधीच भरला नव्हता, आणि शेअर होता अकरा रुपयांना. म्हणजे मशिनं पळताहेत आणि बाजाराला पत्ताच नाही. शिवाय आणखी एक खूण होती. शिवनेरकडून सुटे भाग मिळेनासे झाले होते. मागितले की नाही म्हणत. कादरने याचा अर्थ असा लावला, की नव्या मशिनांच्या कामापुढे कंपनीला सुटे भाग करायला सवडच राहिलेली नाही. तो चिखलीच्या एका लेथवाल्याकडून स्वतः चाकं करून घ्यायला लागला आणि मनात खूश झाला. दोन वर्षांत भाव दुप्पट होईल, दुकान घेऊ आणि वर एक खोलीही चढवू, असं त्याने नूरबीला सांगितलं. माणसाला जे हवं असतं त्याच्यासाठी तो पुरावे कसे गोळा करतो, हे बघायचं तर कादरला त्या दिवसांत बघायला हवं होतं.

मग तो गोजाबाईकडे गेला. तिच्याजवळही साधारण तेवढीच रक्कम जमली होती. रान गेल्यापासून तिला एकच लागून राहिलं होतं, की चिखलीत रस्त्याकडेला चार गुंठे का होईना, स्वतःच्या नावावर जमीन असावी. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, की कँटीनने दूध कमी केलंय, चाळीसचं पंचवीस झालंय.

कादर हसला. “कँटीनवाल्यानं पावडर आणली असेल. दुधावरून कंपनी कळत नसते, गोजाबाई.”

गोजाबाईने दुधाचा विषय सोडला. तिने पैसे काढले, त्याने काढले, आणि दोघांचे अकरा-अकराशेच्या आसपास शेअर झाले. एवढा मोठा डाव त्यांनी आधी कधी खेळला नव्हता.

पुढच्या संक्रांतीला भाव नऊ होता. कादर म्हणाला, आधी थोडा खाली जातोच. उन्हाळ्यात सात झाला. डबा मात्र भरतच होता, त्याने तो एकदा भंगारवाल्याकडे रिकामा केला आणि पुन्हा भरला. त्याला काहीतरी बोचत होतं, पण काय ते कळत नव्हतं. इतकं काम, इतके झिजलेले दात, मग भाव कुठे अडलाय? एका दुपारी त्याने विक्रीचे कागद काढून सही करायला पेनसुद्धा हातात घेतलं. सातला विकलं तर साडेसात हजार हातात येतील, उरलेले नूरबीच्या भावाकडून उसने घेता येतील, दुकान वाचेल.

पण गोजाबाईचं काय? आपण विकायचे तर आधी तिला सांगायला हवं, आणि सांगायचं म्हणजे तिच्या जमिनीचे साडेचार हजार पाण्यात गेले हे आपल्या तोंडाने कबूल करायचं. रान गेलेल्या बाईची जमीन दुसऱ्यांदा आपल्यामुळे जाणार. त्याला ते झेपेना. त्याने कागद परत पेटीत ठेवले आणि स्वतःला समजावलं की डबा आजवर कधी चुकलेला नाही.

महिन्या-दोन महिन्यांतून तो चिखलीला जायचा आणि भावाचं सांगून म्हणायचा, थांबा अजून. गोजाबाई व्हय म्हणायची, ताक पुढे करायची आणि विषय म्हशींवर न्यायची. तिच्या त्या व्हय म्हणण्याचं त्याला ओझं व्हायचं. एवढा विश्वास कोणी आपल्यावर ठेवू नये असं त्याला वाटायचं, आणि ठेवलाय म्हणून बरंही वाटायचं. एका वर्षी कंपनीचा वार्षिक अहवाल वाचून घ्यायला ती आली नाही. दरवर्षी ती पाकीट घेऊन यायची. पोस्टात अडकलं असेल, असं तो समजला.

एक्याऐंशीच्या शेवटी भाव पाच झाला आणि ब्याऐंशीच्या गणपतीत तीन. नूरबीने बोलणं सोडून दिलं होतं. ती नुसती सोपानरावाच्या दिवाळीला किती दिवस राहिले ते मोजायची, तेही मोठ्याने.

गणपतीनंतर पिंपरीच्या एका कारखान्यातून निरोप आला. तिथल्या पंचिंग हॉलची मुख्य नीला नावाची बाई होती. ती सतरा वर्षं त्या खुर्चीत होती आणि कादरला पहिल्या दिवसापासून ओळखायची. हॉलमध्ये पूर्वी चोवीस मशिनं असायची. त्या दिवशी नऊ चालू होती, बाकीच्यांवर कापड घातलेलं होतं. कादरला ते आधीही दिसलं असणार, पण आपलं काम असलेलं मशिन सोडून इकडेतिकडे बघायची त्याला सवय नव्हती. त्याने मशिन उघडलं, चाक काढलं आणि हल्लीच्या घाईत करायचा तसं, न बघताच, डब्यासाठी पिशवीत टाकायला हात नेला. तेवढ्यात बोटाला खरखरीत लागलं, म्हणून त्याने ते उजेडात धरलं. चाकावर दोन बारीक रेघा होत्या.

त्याने नीलाला विचारलं, हे मशिन एवढं का झिजतंय. ती म्हणाली, बंद पडलेल्यांचं काम यांच्यावरच येतं, दिवसरात्र पिटाळतो आम्ही यांना. मग आवाज खाली आणून म्हणाली, मिस्त्री, फार जीव लावून करू नका, दिवाळीपर्यंत चाललं म्हणजे झालं. आणि त्याला घेऊन ती जिन्यापलीकडच्या एका काचेच्या दाराशी गेली. आत गारवा होता, बाहेर चपलांची रांग होती. टेबलांवर टीव्हीसारखे आठ पडदे ठेवलेले होते, त्यांच्यापुढे कळफलक होते, आणि कुठेही कार्ड नव्हतं. मुली शिकत होत्या. हॉलमधल्यासारखा आवाजही नव्हता. कळ दाबली की पडद्यावर हिरवं अक्षर उमटायचं, एवढंच.

“जास्तीची कार्डं मागवू नका असं आम्हाला दीड वर्षापूर्वीच सांगितलंय,” नीला म्हणाली. “नवं मशिन तर तीन वर्षांत एकही घेतलेलं नाही. आकुर्डीला तेच, भोसरीला तेच. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

कादर म्हणाला, ठाऊक होतं. ते खोटं होतं, पण तिच्यासमोर खरं सांगायची त्याला लाज वाटली.

दुकानात येऊन त्याने शटर अर्धं खाली ओढलं, जमिनीवर गोणपाट पसरलं आणि डबा उपडा केला. मग भर दुपारी उकिडवं बसून एकेक चाक निवडायला लागला. रेघांची एकीकडे, बिनरेघांची दुसरीकडे. नूरबी जेवायला बोलवायला आली आणि दारातच उभी राहिली. बिनरेघांच्या बाजूला अकरा चाकं होती. रेघांच्या बाजूला ढीग होता, आणि काहींवर रेघांचे दोन जोड होते, म्हणजे भाग मिळेनात तेव्हा ती त्यानेच उलटी करून पुन्हा बसवली होती. शिवनेरमधून नव्या निघालेल्या मशिनाचं चाक बिनरेघांचं असायचं, आणि तसं त्यांत जवळजवळ नव्हतंच. तीच जुनी मशिनं, त्यांतलीच थोडी, मरेपर्यंत राबवली जात होती, आणि त्यांना जिवंत ठेवून ठेवून कादर स्वतःचाच आवाज ऐकत होता. सुटे भाग मिळत नव्हते ते सवड नाही म्हणून नव्हे, करणारा विभागच बंद झाला होता म्हणून.

नूरबीला त्याने सगळं सांगितलं. इतकी वर्षं गप्प बसायला लागलेल्या त्या बाईला आता बोलायची संधी होती, पण त्याचा चेहरा बघून ती एवढंच म्हणाली, आधी जेवा आणि मग गोजाबाईला सांगून या. कादर दोन घास खाऊन उठला. दुकान गेलं याचं दुःख होतंच, पण ते त्याला सोसण्यासारखं वाटत होतं. चिखलीच्या वाटेवर मात्र त्याने स्कूटर दोनदा थांबवली, कारण काय शब्दांत सांगायचं ते त्याला जमत नव्हतं.

गोजाबाई अंगणात कॅन धूत होती. कादर बाजेवर बसला आणि पाणी घ्यायच्या आधीच बोलायला लागला. डब्याचं सांगितलं, रेघांचं सांगितलं, काचेच्या खोलीचं सांगितलं. “मंदी नाही ही, गोजाबाई. मंदी गेली की माणूस परत येतो. ही मशिनंच संपली. भाव तीन आहे, तोही राहणार नाही. उद्या पुण्याला जाऊन विकून टाकू. तुमची जमीन माझ्यामुळे गेली. जमेल तसे मी फेडीन.”

गोजाबाईने कॅन खाली ठेवला आणि पदराला हात पुसले. 

“म्हंजी तुमी अजून इकलं न्हाईत?”

“तुमचे आत असताना मी कसे विकीन?”

गोजाबाई ओट्यावर बसली. मग जमिनीकडे बघत हळूहळू बोलली. दोन वर्षांमागे, संक्रांतीला, कँटीनने दूध बारा लिटरवर आणलं. पावडर नव्हती आणली, तिने पाळत ठेवून पाहिलं होतं. रात्रपाळी बंद झाली होती. सदुसष्टला दूध निम्म्यावर आलं होतं, पंच्याहत्तरलाही निम्म्यावर आलं होतं, पण बारावर कधी आलं नव्हतं. तिने कँटीनच्या ज्योतीरामला बरोबर घेतलं, पुण्याला जाऊन अंगठा दिला आणि नऊच्या भावाने सगळे विकले. दोन हजारांच्या वर तोटा आला. त्यात दोन म्हशींचे पैसे घातले आणि रस्त्याकडेला चार गुंठे घेतले. गोठ्यामागून दिसतंय ना, तारेचं कुंपण, तेच.

कादरने मान वळवून पाहिलं. कुंपण त्याला येताजाता कितीदा दिसलं होतं. अहवालाचं पाकीट का आलं नव्हतं तेही त्याला आता कळलं.

“मला सांगितलं का नाही?” त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

“दुधावरनं कंपनी कळत न्हाई म्हनला हुता तुमी. मला वाटलं, शिकला-सवरला मानूस हाय, आपल्याआधी कवाच इकून मोकळा झाला आसंल. आन् न्हाई इकलं आसंल, तर आपलं आयकून त्येला कमीपना वाटंल. म्हनून म्या गप ऱ्हायले.”

“मी तर तुमच्यासाठी थांबलो,” कादर म्हणाला.

“आन् म्या तुमच्यासाठी गप ऱ्हायले,” गोजाबाई पुन्हा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

कादरला काय वाटलं ते सांगायचं तर पहिल्यांदा त्याला सुटल्यासारखं वाटलं. तिची जमीन वाचली होती. इतक्या महिन्यांचं ओझं नाहकच वाहिलं होतं, पण ते आता नव्हतं. आपल्या बारा हजारांतले नऊ गेल्याचं त्याला त्यानंतर आठवलं, आणि तो चक्क हसायला लागला. दोन वर्षं तो तिला थांबा म्हणून सांगत होता, आणि ती स्वतःच्या जमिनीशेजारी बसून व्हय म्हणत त्याला ताक देत होती. गोजाबाईला हसू येईना. ती आत गेली, बराच वेळ आली नाही, आणि आली ती बोलायचं ठरवूनच आली.

“कादरभाऊ, नियम तुमीच घातला. नफ्यात वाटा, तोट्यातबी वाटा. म्या एकटी पळाले. मंग म्या भागीदार कसली?” ती म्हणाली. “सोपानराव जागा देत न्हाई आता, ठावं हाय मला. रस्त्याकडचा एक गुंठा तुमचा. पत्र्याचं दुकान टाका. कागदावर पायजे तर कागदावर करू.”

कादर नाही म्हणाला. बराच वेळ नाही म्हणाला. ती ऐकेना. शेवटी त्याने कबूल केलं ते भाड्याने, आणि भाडं घ्यायचं तिने कबूल केलं ते एका अटीवर. अट तिने त्याच्याच शब्दांत घातली, फक्त शेवट बदलला. जेवढे तुमचे तेवढेच माझे, आणि बाहेर कुणीबी कवाबी पडावं, पर पडायच्या आधी दुसऱ्याला सांगावं.

शेअर तीनलाही गेले नाहीत, पावणेतीनला गेले. दिवाळीत सोपानरावाने जागा विकली आणि कादरने लेथवाल्याच्या ओळखीने चिखलीला पत्र्याचं दुकान टाकलं. कार्डांची मशिनं सहा महिन्यांत भंगारात गेली. तोवर तो भोसरीच्या कारखान्यांसाठी छोटे दातेरी भाग करायला लागला होता, आणि पंचाळिशीतही हात नवीन काम शिकतो याचं त्याला समाधान वाटत होतं. बिस्किटांचा डबा नूरबीने धुऊन घेतला आणि त्यात तांदूळ भरले.

पुढच्या वर्षी भोसरीतच ते पडदे आणि कळफलक जोडणारी एक नवी कंपनी निघाली आणि तिचे शेअर बाजारात आले. कादरच्या हाताला खाज सुटली. त्याने तीनशे रुपये बाजूला काढले, पण दलालाकडे गेला नाही. सकाळी गोजाबाई सायकल हातात धरून दुकानावरून निघाली तेव्हा तो बाहेर आला.

“त्या नव्या कंपनीच्या कँटीनला दूध कोण घालतं?” त्याने विचारलं.

“मीच की,” गोजाबाई म्हणाली. “सोळा लिटर. गेल्या म्हयन्यात बाराच हुतं.”

कादरने मान डोलावली, आणखी एक महिना थांबू म्हणाला, आणि तिच्या कॅनचं सैल झालेलं झाकण नीट बसवून दिलं.